तिथी पाहून रत्नागिरीस जावे

संसाराच्या पूर्वार्धात ज्यांना एकमेकांशी निवांतपणे चार शब्द बोलण्याची सवड लाभली नाही, अशा दांपत्यांनी उत्तरार्धात तरी घर, मुलेबाळे आणि कचेरी यांच्या व्यापातून मोकळे होऊन काही दिवस एखाद्या सागरतीरीच्या शहरी मुक्काम करावा, असे मला मनापासून वाटते. आणि ज्यांना गर्दीची विलासस्थाने नकोत, परंतु इतिहास, देवस्थाने, नाट्यसंगीत आणि ताजी मासळी ही सर्व हाताच्या अंतरावर हवीत, त्यांना रत्नागिरीइतके अनुरूप दुसरे शहर मी तरी सुचवू शकणार नाही. ही शिफारस अनुभवाची आहे; पण त्याच अनुभवाने तिला एक अट जोडणे मला कर्तव्य वाटते. समुद्रकाठच्या गावी भिंतीवरच्या घड्याळाची सत्ता अर्धीच चालते; उरलेली अर्धी चंद्राच्या हाती असते, आणि जो प्रवासी हे ध्यानात न घेता आपला कार्यक्रम आखतो किंवा दुसऱ्याकडून आखून घेतो, त्याच्या पदरी बहुधा निराशा, कधी नुकसान आणि क्वचित प्राणसंकटही येते.

आमच्या प्रवासाची सर्व तजवीज पुण्यातील एका प्रवासी व्यवस्थापकाने केली होती. त्याने हाती दिलेला कागद मोठा नीटनेटका होता. सकाळी साडेदहा ते बारा समुद्रकिनारी भ्रमंती, मग भोजन, दुपारी वीस मिनिटे थिबा राजवाडा, तिथून किल्ला, सूर्यास्तानंतर स्थानिक मनोरंजन, असे प्रत्येक स्थळ आपापल्या वेळेच्या चौकटीत बसविलेले होते. त्यात वेळ होती, वार होता, भोजनातील पदार्थही होते. तिथी मात्र कुठेच नव्हती, आणि ऋतूचाही उल्लेख नव्हता. हाच कागद वर्षभर प्रत्येक गिऱ्हाइकाला दिला जात असला पाहिजे. सोबत दिलेला वाहनचालक घाटावरचा, सालस आणि गाडी चालविण्यात निष्णात. परंतु किनाऱ्यावर आम्हांला उतरवून देताना त्याने जो दिलासा दिला, तो त्या कागदाच्या भरवशावर दिला, पाण्याकडे पाहून नव्हे.

मार्गशीर्ष वद्य तृतीयेची ती सकाळ होती. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्या-किनाऱ्याने जाणारा जो आरे-वारेचा रस्ता आहे, त्याच्यासारखा रमणीय रस्ता महाराष्ट्रात थोडाच असेल. एका बाजूस जांभ्या दगडाचा चढ, दुसऱ्या बाजूस खोलवर निळे पाणी, आणि वळणावळणाला नवी पुळण. तिथे एका खडकाळ टोकाला वळसा घालून पलीकडच्या लहानशा वाळवंटात जाता येते, हे कागदात नमूद होते, आणि साडेदहाला ते खरेही होते. खडकांच्या पायथ्याशी वाळूची कोरडी पट्टी होती. खडकांतील खळग्यांत साचलेल्या पाण्यात नखाएवढे मासे इकडून तिकडे चमकत होते. एक वयस्क स्त्री कासोटा घालून खडकावर उकिडवी बसली होती आणि हातातल्या टोकदार लोखंडी हत्याराने कालवे फोडीत होती. एका घावात शिंपल्याची वरची बाजू उडे, दुसऱ्या हिसक्यात आतला करडा, थरथरणारा गर सुटा होई आणि शेजारच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात पडे. माझी पत्नी तिच्या हातांकडे बराच वेळ पाहत उभी राहिली. पुढे आम्ही पलीकडच्या वाळूवर जाऊन बसलो, आणि कितीतरी दिवसांनी कुणाचीही हाक न येता बोलत राहिलो.

परत फिरलो तेव्हा ती कोरडी पट्टी पाण्याखाली गेली होती. पाणी अजून गुडघ्याइतकेच होते. परंतु प्रत्येक लाट खडकाच्या भिंतीवर आपटून उलटी येई आणि येणाऱ्या दुसऱ्या लाटेशी भिडून कमरेपर्यंत उसळे. चार पावले गेल्यावर पत्नीचा पाय घसरला, चप्पल वाहून गेली आणि कालवांच्या धारेने तळपाय चांगलाच कापला. तेवढ्यात वरून हाक आली. ती कालवे काढणारी स्त्री डबा घेऊन केव्हाच वरच्या टप्प्यावर चढली होती. "दादानू, पाणी लागलाय! आता खालून जाऊ नका, ताईंना घेऊन हिकडनं वर या," असे ओरडून तिने करवंदीच्या जाळीतून वर येणारी एक अरुंद पायवाट हाताने दाखविली. आम्ही धापा टाकीत वर पोहोचलो, तेव्हा खालच्या वाटेवर पुरुषभर पाणी खळाळत होते. तिला मी विचारले, "मावशी, तुम्हांला कसे कळले निघायची वेळ झाली ते?" तिने नवल वाटून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आज तीज नाय काय? दीडच्या सुमाराला पुरा भरणार. काल पाऊण तास आधी भरला होता."

त्या दिवशीचे भोजन, राजवाडा आणि मनोरंजन सर्व रद्द झाले. जखम धुऊन, पट्टी बांधून, धनुर्वाताची सुई टोचून घेण्यात दुपार गेली. कालवांच्या शिंपल्याने झालेली जखम वरून लहान दिसली तरी तीत वाळू व शिंपल्याचा चुरा राहून ती चिघळण्याचा संभव असतो, म्हणून ती घरगुती उपायांवर सोडू नये, असे डॉक्टरांनी बजावून सांगितले. खडकांवर जाताना पायांत घट्ट बसणारे, टाचेला पट्टा असलेले पादत्राण असावे, ही सूचना मी त्यांच्याच तोंडून वाचकांपर्यंत पोहोचवितो.

त्या माउलीला जे ज्ञान अवगत होते ते गुप्त नाही. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला तो एक ठोकताळा आहे, आणि ज्याच्या घरी पंचांग किंवा साधी दिनदर्शिका आहे त्याला तो सहज वापरता येतो. तिथीच्या अंकाला तिनाने गुणावे आणि चाराने भागावे. येईल ती मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची सुमाराची वेळ. पक्ष शुद्ध असो वा वद्य, गणना प्रतिपदेपासूनच करावी. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. दिवसाची एक भरती आणि रात्रीची दुसरी, या दोहोंमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात. म्हणून भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी येते, आणि दर दिवशी हे सारे चक्र पाऊण तासाहून थोडे अधिक पुढे सरकते. रत्नागिरी मुंबईच्या दक्षिणेस असल्यामुळे तिथे पाणी मुंबईच्या काहीसे आधी भरते, एवढी दुरुस्ती त्यात करावी. हा ठोकताळाच होय. काटेकोर वेळ हवी असल्यास भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो, आणि त्यांवर आधारलेल्या वेळा आता भ्रमणध्वनीवरही पाहावयास मिळतात. पण कोष्टक पाहण्याआधी ते पाहिले पाहिजे ही जाणीव असावी लागते, आणि ती त्या नीटनेटक्या कागदाने आम्हांला दिली नव्हती.

आणखी एक गोष्ट घाटावरच्या माणसास ठाऊक नसते. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात ते जेमतेम हलते, मधल्या दोन तासांत झपाट्याने वाढते, आणि शेवटच्या तासात पुन्हा मंदावते. आम्ही ज्या वेळी टोकाला वळसा घातला ती वेळ नेमकी त्या झपाट्याच्या ऐन मध्याची होती. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे येणारी उधाणाची भरती मोठी असते, आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती सौम्य. तृतीया ही उधाणाच्या अंमलातलीच तिथी. खडकाळ टोके, गुहा, कपारी आणि दोन पुळणींना जोडणारे पायथ्याचे मार्ग ओहोटी पुरी होण्याच्या तासभर आधी जाऊन पाहावे आणि पाणी फिरताच परतावे. जिथे खडकावर ओल्या शेवाळाची रेघ छातीइतक्या उंचीवर दिसते, तिथे पाणी रोज तेवढे चढते, असे निश्चित समजावे.

समुद्रस्नानाविषयी याहून कडक भाषेत लिहिणे मला भाग आहे. गणपतीपुळ्याचे देवस्थान समुद्राला इतके लगटून आहे की दर्शन घेऊन बाहेर पडलेला भाविक नकळत पाण्याकडे वळतो. आणि तिथला किनारा उताराचा असल्यामुळे, कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला माणूस परतणाऱ्या लाटेबरोबर दोन पावलांत गळ्याइतक्या पाण्यात जातो. तिथे धोक्याच्या पाट्या लावलेल्या आहेत, आणि त्या अनेकांचे प्राण गेल्यानंतर लावलेल्या आहेत. पाण्याची ओढ किनाऱ्याकडून समुद्राकडे अरुंद प्रवाहाने वाहते. जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी फसवे शांत दिसते, तीच बहुधा तिची वाट असते. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झेप घेण्याची धडपड केल्यास तो थकतो आणि बुडतो. त्याने पाण्यावर तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर दिशेने सरकावे, आणि ओढ सुटल्यावर मग तिरके बाहेर यावे. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी पोहता न येणाऱ्याने पाण्यात उडी घेणे हा भावनेचा धर्म असला तरी त्यातून एकाऐवजी दोन प्रेते निघतात. दोर, ओढणी, रिकामा डबा, जे हाती लागेल ते फेकावे आणि कोळ्यांना हाक मारावी. ओहोटी चालू असताना, आणि विशेषतः भाट्याजवळ जिथे काजळी नदीची खाडी समुद्राला मिळते तिथे, स्नानाचा विचारही करू नये. नदीचे पाणी आणि उतरती ओहोटी ही दोन्ही तिथे एकाच दिशेला जात असतात. जून ते सप्टेंबर या महिन्यांत हा समुद्र दुरून पाहण्याचा आहे.

इतके सांगून झाल्यावर हेही सांगितले पाहिजे की ज्या तिथीने आम्हांला संकटात घातले, तीच तिथी पुढे आमची मार्गदर्शक झाली आणि उरलेला मुक्काम अपेक्षेहून सुखाचा झाला. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास गेलात, तर संध्याकाळी पाचच्या पुढे समुद्र मागे हटलेला असतो आणि भाट्याची लांबच लांब, सपाट वाळू सुरूच्या बनापासून खाडीच्या मुखापर्यंत चालण्यास मोकळी मिळते. पौर्णिमेला तर सूर्य समुद्रात उतरतो त्याच सुमारास पाठीमागच्या डोंगरावर चंद्र वर येतो; दोघांनी चालत जाण्यासाठी याहून चांगली वेळ नाही. अष्टमी-नवमीला संध्याकाळी पाणी भरलेले असते, म्हणून त्या दिवशी वाळूचा नाद सोडून मांडवीच्या धक्क्यावर बसावे, किंवा थिबा राजवाड्याजवळच्या टेकडीवरून खाडी, पूल आणि परतणाऱ्या होड्या पाहाव्या. पांढरा समुद्र या किनाऱ्याची कीर्ती मात्र जुन्या वर्णनांवर विसंबून मनात धरू नये. तिथली पुळण गेल्या काही दशकांत लाटांनी पुष्कळ खाल्ली असून मिऱ्याच्या बाजूस दगडी बंधाऱ्यांनी किनारा सावरून धरावा लागला आहे.

मासळीचेही पंचांग आहे. मिरकरवाडा हे या किनाऱ्यावरील मोठे मासेमारी बंदर. होड्या लागल्या की तिथे लिलावाची जी घाई उडते, ती एकदा तरी धक्क्यावर उभे राहून पाहावी. बर्फाच्या पाट्या, ओल्या जमिनीवर ओतलेले बांगड्यांचे ढीग, चंदेरी सुरमई, शाईने माखलेले म्हाकूळ, आणि या सर्वांमधून वाट काढीत भाव फोडणाऱ्या कोळणी. माझी पत्नी लंगडत का होईना, तिथे आली, आणि कल्ला उघडून रंग पाहणे, बोटाने दाबून मांस वर येते की नाही हे पाहणे, डोळा स्वच्छ आहे की धुरकट हे पाहणे, ही परीक्षा तिने एका कोळणीकडून शिकून घेतली. यांत्रिक नौकांच्या मासेमारीस दरवर्षी 1 जून ते 31 जुलै बंदी असते. माशांच्या विणीचा तो हंगाम असल्यामुळे ही बंदी न्याय्यच आहे. तेव्हा जुलैत पुढे आलेला पापलेटचा तुकडा बहुतांशी बर्फातला असणार हे समजून, त्या दिवसांत सुका बांगडा, सुकट, खाडीतले मासे किंवा शाकाहार यांत समाधान मानावे.

खानावळीत एक सावधगिरी अवश्य बाळगावी. पदार्थांच्या यादीत मोठ्या माशांपुढे दर न छापता "आकाराप्रमाणे" असा शेरा असतो. आकार ठरवितो दुकानदार आणि दर कळतो जेवणानंतर. आम्हांला एका ठिकाणी एका तळलेल्या पापलेटाचे बिल पाहून अवाक् व्हावे लागले. वाद घालण्यास लेखी आधार काहीच नव्हता. मासा तव्यावर जाण्यापूर्वी ताटलीत मागवून पाहावा, त्याचा दर विचारावा आणि तो कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून घ्यावा. प्रामाणिक मालकास यात काहीही गैर वाटत नाही. मोठ्या नावांच्या मागे न लागता बांगडा, सौंदाळे, मांदेली, तिसऱ्या असे जे त्या दिवशी धक्क्यावर उतरले असेल ते मागावे. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी, तांदळाची भाकरी आणि पाणचट नसलेली, आगळ घालून केलेली सोलकढी, या तिहींपुढे महागड्या ताटाची मातब्बरी नाही.

शाकाहारी दांपत्यांनी तर स्वतःला मुळीच वंचित समजू नये. कुळथाचे पिठले, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, केळीच्या पानावर वाढलेला मऊ भात व मेतकूट, आणि फाल्गुन-चैत्रात ओल्या काजूगरांची उसळ, हे अन्न इतरत्र पैसे टाकूनही मिळत नाही. परंतु हे घरगुती खानावळींचे काम. तिथे चुलीवर माणसे मोजून तांदूळ पडतात. सकाळी निरोप दिला तर दुपारी उकडीचे मोदकही मिळतात, आणि दीड वाजता अचानक दारात उभे राहिले तर यजमानीणबाईंचा नाइलाज होतो.

निवासाविषयी थोडक्यात. "समुद्रदर्शनी" म्हणून जी खोली आमच्या नावे राखून ठेवली होती, तिच्या स्नानगृहाच्या झरोक्यातून माडांच्या आड समुद्राची एक रेघ दिसत होती. खोलीचे छायाचित्र त्याच खोलीचे आहे काय, खिडकी कुठल्या दिशेला उघडते, आणि इसाऱ्याची रक्कम कोणत्या अटीवर परत मिळते, याची खातरजमा मालकाशी थेट बोलून करावी आणि उत्तर लेखी मागावे. रेल्वेचे स्थानक शहरापासून बरेच लांब, वरच्या सड्यावर आहे. रात्री उतरणार असाल तर रिक्षाची सोय आधी करून ठेवावी.

आता थिबा राजवाड्याविषयी, ज्याला त्या कागदाने वीस मिनिटे दिली होती. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत करून आधी मद्रासेस आणि 1886 मध्ये रत्नागिरीस आणून नजरकैदेत ठेवले. आज आपण पाहतो तो जांभ्या दगडाचा, बर्मी सागवानाचा आणि अर्धवर्तुळाकार खिडक्यांचा प्रासाद 1910 साली तयार झाला. म्हणजे कैदेची पहिली चोवीस वर्षे राजाने इतर बंगल्यांतच काढली, आणि स्वतःसाठी बांधलेल्या या वास्तूत त्याला जेमतेम सहा वर्षांचे वास्तव्य लाभले. 1916 च्या डिसेंबरात तो इथेच निवर्तला. राणी सुपयालत हिला 1919 साली स्वदेशी परतण्याची मुभा मिळाली. थोरल्या राजकन्येचे उर्वरित आयुष्य मात्र रत्नागिरीसच, दारिद्र्यात गेले. ज्या राणीसमोर मंडालेच्या दरबारात लोक गुडघे टेकीत, ती तीस वर्षे परक्या किनाऱ्यावर पतीसह राहिली. वरच्या मजल्यावरच्या लाकडी खिडकीशी आम्ही दोघे उभे राहिलो, तेव्हा खाली खाडीत पाणी चढत होते. राजालाही ते रोज दिसत असेल. त्या पाण्यावरून जाण्याची मोकळीक तेवढी त्याला नव्हती. पत्नी म्हणाली, "अहो, एवढ्या मोठ्या घरात त्यांना एकमेकांशी काय बोलायचं उरलं असेल?" मला उत्तर सुचले नाही, आणि आम्ही तिथून लौकर हललो नाही. ज्या जोडप्यास या वास्तूला अर्धा दिवस देणे शक्य आहे त्याने तो द्यावा, आणि शहरातच असलेल्या राजाच्या समाधीवरही जाऊन यावे. तिथे पर्यटकांची वर्दळ नसते. राजवाड्यातले वस्तुसंग्रहालय सरकारी असल्यामुळे साप्ताहिक सुटीचा वार आधी विचारून घ्यावा; तो बहुधा सोमवार असतो.

इतर स्थळांची माहिती कुठल्याही पुस्तिकेत मिळेल. टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मघर, जिथे 23 जुलै 1856 रोजी त्यांचा जन्म झाला, ते कौलारू कोकणी घर कसे असते हे दाखविण्यासाठीसुद्धा पाहण्याजोगे आहे. सावरकरांच्या स्थानबद्धतेच्या काळात भागोजीशेठ कीर यांनी बांधविलेले आणि 1931 साली सर्व जातींच्या हिंदूंना खुले झालेले पतितपावन मंदिर, रत्नदुर्गावरचे भगवतीचे देऊळ व तिथून दिसणारे दीपगृह, सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राच्या संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा, आणि गणपतीपुळ्यापलीकडे मालगुंडास केशवसुतांचे स्मारक, यांपैकी रत्नदुर्ग सोडून बाकीची भरतीच्या वेळेसाठी राखून ठेवावी. किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र आहे. तिथे मावळतीच्या तासभर आधी पोहोचावे आणि कठड्यावर चढून छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा.

"स्थानिक मनोरंजन" या शब्दांखाली पुढे एका संध्याकाळी आमच्या माथी मारलेली गोष्ट म्हणजे निवासाच्या अंगणात रंगीत दिवे लावून वाजविलेली चित्रपटगीते होती. ज्या शहराने संगीत नाटक आजही हौसेने आणि निष्ठेने जिवंत ठेवले आहे, त्या शहरात पाहुण्यांची अशी बोळवण व्हावी याचे मला दुःख झाले. सावरकर नाट्यगृहाबाहेरच्या फलकावर त्या आठवड्याचे प्रयोग लिहिलेले असतात. आधी तो पाहावा. हिवाळ्यात थिबा राजवाड्याच्या प्रांगणात शास्त्रीय संगीताच्या मैफली होतात. गणेशोत्सवात गेलात तर वाडीवाडीवर जाखडीचे फेर आणि शक्ती-तुऱ्याचे सवाल-जबाब रात्र रात्र चालतात. शिमग्यात खेळे निघतात, नमन होते, आणि संकासुर पाहून मुले आईच्या पदराआड पळतात. हे पाहण्यासाठी तिकीट लागत नाही, गावात कुणाची तरी ओळख काढावी लागते. रिक्षावाला, खानावळीची मालकीण, देवळातला गुरव, यांपैकी कोणीही ती करून देतो. अशा ठिकाणी जमिनीवर बसावे लागते आणि घरी परतायला उशीर होतो, म्हणून दुसऱ्या दिवसाची सकाळ रिकामी ठेवावी.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांस एक शब्द हापूसविषयी. कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरीही महामार्गावरच्या पेट्यांवर "रत्नागिरी" छापलेले असले म्हणून आतला आंबा इथलाच असतो असे नाही. बागायतदाराच्या पडवीत, भाताच्या पेंढ्यात घातलेली आढी पाहून, वास घेऊन, त्याच्याच हातून पेटी भरून घ्यावी. चैत्राच्या आरंभी जो घाईने पिवळा झालेला दिसतो त्याच्या वाटेस जाऊ नये.

सरतेशेवटी रत्नागिरीत आणि तिच्या परिसरात निवासगृहे चालविणाऱ्या सर्व मालकांस, आणि पाहुण्यांना तिथे पाठविणाऱ्या सर्व व्यवस्थापकांस माझी नम्र विनंती आहे. खोलीच्या दारामागे भाड्याचा दर आणि खोली रिकामी करण्याची वेळ लिहिलेली असते. तिच्याखाली एक लहानशी पाटी टांगावी आणि तीवर रोज सकाळी खडूने त्या दिवसाची तिथी, भरतीची वेळ व ओहोटीची वेळ लिहावी. या कामाला खर्च नाही, सरकारी परवानगी लागत नाही, आणि ते माहीत असलेली माणसे प्रत्येक वाडीत आहेत.